दोन लिंका घेतल्या, तरी नेट गेलंच कसं?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलेलं आणि दोनदा सांगितलेलं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज एक घरची गोष्ट सांगतो आणि तिच्या निमित्ताने तुमच्या मेसेजमध्ये सारखा येणारा एक प्रश्न घेतो. प्रश्न साधारण असा असतो: "आमच्या गावातला नेटवाला सांगतो की त्याच्याकडे दोन-दोन लिंका आहेत. मग नेट जातं कसं? आणि वेग दुप्पट का होत नाही?"

मी दीपनगरचा. भुसावळहून वरणगावकडे निघालात की हायवेला लागून औष्णिक वीज केंद्र येतं, लांबूनच धुराडी दिसायला लागतात, ते दीपनगर. शेजारी फेकरी गाव. मागच्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीला इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी लावायची आणि मुदतीच्या आत कन्फर्म करायची. मुदतीचा शेवटचा दिवस होता. (शेवटच्या दिवसापर्यंत का थांबली हे तुम्ही विचारू नका, मावशीचं ते विचारून झालंय.) दुपारी तीनच्या सुमाराला पोर्टल उघडेना. वायफायचे दांडे पूर्ण भरलेले, नेटच्या डब्यावर लाल दिवा नाही, सगळं हिरवंगार. पण एकही पान येईना. मोबाइल डेटा लावला तर तोही रांगत होता, कारण आजूबाजूची सगळी घरं एकदमच मोबाइल डेटावर आली होती. शेवटी ती स्कूटी काढून पावसात भुसावळला गेली आणि एका सायबर कॅफेत बसून फॉर्म कन्फर्म केला. झाला, पण घाईत. वहीत चाळीस कॉलेजांची यादी होती, फॉर्ममध्ये बारा गेली.

आता गंमत बघा. आमच्याकडचं नेट ज्याचं आहे त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. आधी केबलटीव्ही होता त्याचा, मग तो एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी चालवत होता, नंतर स्वतःचा सी वर्गाचा आयएसपी परवाना काढला. (ए वर्ग म्हणजे अख्खा देश, बी म्हणजे एक टेलिकॉम सर्कल, सी म्हणजे त्याहून लहान, ढोबळमानाने जिल्ह्याएवढा भाग.) या घटनेच्या दोनच महिने आधी दादाने मला त्याच्या खोलीतला रॅक दाखवला होता. "बघ भो, दोन लिंका, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. आता नेट जायचा विषयच नाही."

आणि ऐन वेळी दोन्ही गेल्या.

पण तिथवर जायच्या आधी त्या दोन महिन्यांत आणखी दोन गोष्टी बिघडल्या होत्या. त्या कळल्या की तिसरी नीट कळेल.

[०४:२०] लिंक म्हणजे नक्की काय

तुमच्या घरातला जो डबा, ओएनयू, त्यातून फायबर निघते, खांबाखांबावरून दादाच्या खोलीतल्या ओएलटी नावाच्या यंत्रापर्यंत जाते. ते दादाचं स्वतःचं जाळं. पण दादाकडे इंटरनेट पिकत नाही. तो ते वरच्या मोठ्या कंपनीकडून घाऊक घेतो, जीबीपीएसच्या हिशोबात, आणि तुम्हाआम्हाला किरकोळ विकतो. ही घाऊक वाहिनी म्हणजे लिंक, आणि ती देणारी कंपनी म्हणजे अपस्ट्रीम.

म्हणून त्या दिवशी डब्यावर लाल दिवा नव्हता. लाल दिवा म्हणजे घर ते दादा या टप्प्यातली फायबर तुटली. सगळं हिरवं असून नेट नाही, म्हणजे बहुतेक वेळा तुटलंय ते दादाच्या वर. हे लक्षात ठेवलंत तर "राउटर बंद करून चालू करा" हे अर्ध्या वेळा करावं लागणार नाही.

दादाकडे सहाशेच्या आसपास कनेक्शनं. प्रत्येकाला १०० एमबीपीएसचा प्लॅन विकलाय म्हणून तो काही ६० जीबीपीएस विकत घेत नाही. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगाने काही ओढत नसतात, हा सगळ्या धंद्याचा पाया आहे. गडबड होते ती रात्री नऊच्या पुढे, जेवणं झाली की. तेव्हा दादाची एक जीबीपीएसची लिंक काठोकाठ भरायची आणि व्हिडिओ गोल फिरायला लागायचे. म्हणून त्याने दुसरी एक जीबीपीएस घेतली. एक अधिक एक, दोन. बरोबर ना?

[०७:०५] वीज मिसळते, पॅकेट मिसळत नाही

आम्ही दीपनगरची पोरं, त्यामुळे बेरीज म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर संच येतात. केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. दोन्ही एकाच ग्रीडला जोडलेले, ५० हर्ट्झवर एका तालात फिरतात. दोन्ही पूर्ण भाराने चालले की १००० मेगावॅट. तुमच्या घरातला पंखा कधी विचारत नाही की माझी वीज चार नंबरच्या संचातून आली का पाच नंबरच्या. विजेला नाव नसतं, ती मिसळून जाते.

इंटरनेटच्या पॅकेटला नाव असतं. कुठून निघालं, कुठे जायचं, आणि कितवं आहे हेसुद्धा त्यावर लिहिलेलं असतं. गोची इथेच आहे.

परीक्षेतल्या पुरवण्या आठवा. समजा तुमच्या पुरवण्या दोन मित्र मोटरसायकलवरून पोचवतायत. १, ३, ५ एकाकडे, २, ४, ६ दुसऱ्याकडे. दोघांचा रस्ता आणि वेग सारखा असेल तर उत्तम. पण दुसरा लांबच्या रस्त्याने येत असेल तर घेणाऱ्याच्या हातात १, ३, ५ येऊन पडतात आणि दोनचा पत्ता नाही. टीसीपीमध्ये घेणारं मशीन अशा वेळी ओरडतं: "दोन नंबर दे, दोन नंबर दे, दोन नंबर दे." असं तीनदा जास्तीचं ऐकलं की पाठवणारा समजतो पॅकेट हरवलं. तो ते परत पाठवतो आणि वर स्वतःचा वेगही कमी करतो. प्रत्यक्षात हरवलेलं काहीच नसतं, दुसरा मित्र वाटेत असतो.

दादाने पहिल्या आठवड्यात नेमकं हेच करून ठेवलं होतं. राउटरमध्ये दोन्ही लिंकांवर पाळीपाळीने पॅकेट टाकायचं सेटिंग. एक लिंक थेट मुंबईला जायची, दुसरी आधी नागपूरला आणि तिथून मुंबईला. रेल्वेच्या अंतराने हिशोब करू: भुसावळ ते मुंबई साधारण ४४५ किलोमीटर. नागपूरमार्गे जायचं तर आधी जवळपास ३९० आणि मग उलट फिरून ८३७, म्हणजे सव्वाबाराशेच्या पुढे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. थेट रस्त्याने जाऊन-येऊन साडेचार मिलिसेकंद, नागपूरमार्गे बारा. फरक आपल्याला जाणवणार नाही इतका छोटा, पण पॅकेटांचा क्रम विस्कटायला पुरेसा. परिणाम काय, तर दुसरी लिंक लावल्यावर नेट आधीपेक्षा हळू झालं. लोक दादाला म्हणाले, "पहिलं बरं होतं."

खरं बाँडिंग ज्याला म्हणतात ते वेगळं असतं. दोन केबली दोन्ही टोकांना एकेकाच यंत्रात जातात, आणि ती दोन्ही यंत्रं आपापसात बोलून ठरवतात की या दोन केबलींना आपण एकच वाहिनी समजू. त्या बोलण्याच्या प्रमाण पद्धतीला एलएसीपी म्हणतात, ती २००० साली ठरली. ओएलटी आणि राउटर यांच्यामध्ये दोन केबली टाकून दादा हे करू शकतो. एकाच अपस्ट्रीमकडून दोन पोर्ट घेतले तरी करू शकतो. पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या लिंकांचं असं बाँडिंग होत नाही, कारण वरच्या टोकाला दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळे मालक. ती एकमेकांशी बोलणार का?

आणि खऱ्या बाँडिंगमध्येसुद्धा पुरवण्या वाटत नाहीत. यंत्र पॅकेटवरचे पत्ते आणि पोर्ट नंबर बघून एक हिशोब करतं, आणि एका संवादाची सगळी पॅकेटं एकाच केबलीवर टाकतं. त्यामुळे क्रम टिकतो. पण मग एका डाउनलोडला एकाच केबलीचा वेग मिळतो. एक-एक जीबीपीएसच्या दोन केबली असल्या तरी एकट्या फाइलसाठी कमाल एकच. सहाशे घरांच्या गर्दीला मिळून दोन.

यावरून एक जाता जाता सांगतो. स्पीड टेस्टची ॲपं एकाच वेळी बरीच कनेक्शनं उघडून बेरीज दाखवतात. म्हणून टेस्टमध्ये आकडा झकास, पण एक मोठी फाइल उतरवायला घेतली की आकडा खाली. नेहमीच फसवणूक असते असं नाही. मोजायची पद्धत वेगळी आहे, आणि बऱ्याचदा पलीकडच्या सर्व्हरनेच हात आखडलेला असतो.

[१३:४०] मग दोन लिंका वापरायच्या कशा

कनेक्शन वाटायची, पॅकेट नाही. आपल्याकडच्या छोट्या प्रोव्हायडरांकडे मायक्रोटिकचे राउटर भरपूर दिसतात. लॅटव्हिया नावाच्या छोट्या देशातली कंपनी आहे, स्वस्तात बरंच काही देते. त्यात पीसीसी नावाची सोय असते, ती कनेक्शन बघून ते कुठल्या लिंकवर जाईल हे ठरवते.

इथे दादाला दुसरा धडा मिळाला. त्याने वाटणी इतकी बारीक केली की एकाच घरातलं एक कनेक्शन या लिंकवरून, दुसरं त्या लिंकवरून. दोन लिंका म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारे दोन वेगळे पत्ते. बँकेच्या साइटवर लॉगिन एका पत्त्यावरून झालं आणि पुढचं पान दुसऱ्या पत्त्यावरून मागितलं की बँक म्हणते, हा कोण नवीन माणूस? आणि बाहेर काढते. लोकांचे फोन: "दादा, नेट चालू आहे पण बँक बाहेर फेकते." उपाय सोपा होता. वाटणी कनेक्शनाची नाही, घराची करायची. हे घर या लिंकवर, ते घर त्या लिंकवर. वाटणी थोडी ओबडधोबड होते, पण सहाशे घरांत सरासरी जमून जाते.

एक लिंक पडली की त्या बाजूची घरं आपोआप दुसरीवर जायला हवीत. दादाने तेही लावलं होतं. राउटर दर काही सेकंदांनी गेटवेला, म्हणजे वरच्या कंपनीच्या सगळ्यात जवळच्या यंत्राला, पिंग करून विचारायचा: जिवंत आहेस का? उत्तर नाही आलं तर लिंक मेली समजायची.

एका रविवारी अर्ध्या कॉलनीचं नेट बंद, अर्ध्या कॉलनीचं चालू. दादाच्या स्क्रीनवर दोन्ही लिंका हिरव्या. झालं असं होतं की गेटवे भुसावळमध्येच होता आणि छान जिवंत होता. तुटलं होतं ते त्याच्या पलीकडे. राउटर इमाने इतबारे गेटवेला विचारत होता, गेटवे इमाने इतबारे "आहे" म्हणत होता, आणि अर्धी कॉलनी अंधारात. हे म्हणजे स्टेशन मास्तरला फोन करून "स्टेशन आहे ना जागेवर?" विचारण्यासारखं झालं. स्टेशन आहे, पुढचा रूळच नाही.

आता दादाचा राउटर गेटवेला विचारत नाही. प्रत्येक लिंकमधून त्याने बाहेरचा एक लांबचा, भरवशाचा पत्ता बांधून दिलाय. तो लागला तरच लिंक जिवंत. खरं तर दोन पत्ते ठेवावेत, नाहीतर तो एक बाहेरचा सर्व्हर रुसला की धडधाकट लिंकसुद्धा मेली समजली जाते.

[१८:१५] ती दुपार

आता फॉर्मच्या दिवसाकडे येऊ. या वेळी बाँडिंग बरोबर होतं, वाटणी बरोबर होती, तपासणीसुद्धा बरोबर होती. राउटरने पहिली लिंक मेली म्हणून सगळ्यांना दुसरीवर टाकायचा प्रयत्न केला. दुसरीही मेली होती. काही सेकंदांच्या अंतराने.

दादा ओटीडीआर घेऊन बसला. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजून सांगतं की किती मीटरवर तुटलंय. दोन्ही फायबरींवर लावलं. दोन्हीचं अंतर जवळपास सारखं. गाडी काढून त्या जागेवर गेला तर हायवेच्या कडेला जेसीबी उभा, खड्ड्यात पाणी, आणि पाण्यात दोन वेगवेगळ्या रंगांच्या डक्ट लोंबतायत.

कंपन्या दोन, बिलं दोन, करार दोन. चर एकच. आपल्याकडे हायवेचा चिखली ते तरसोद टप्पा चौपदरी झाला, आणि रुंदीकरण आलं की कडेच्या सगळ्या वाहिन्या उचलून नव्या कडेला टाकाव्या लागतात. रस्त्याच्या कडेला फायबर टाकायची जागा मोजकीच, परवानगी एकाच खात्याकडून. त्यात बऱ्याच वेळा एक कंपनी दुसरीची फायबर भाड्याने घेते. म्हणजे कागदावर दोन नावं, जमिनीत एकच नळी असंही होऊ शकतं. दादाने लिंक घेताना वेग विचारला, दर विचारला, बिघाड किती तासांत दुरुस्त करणार ते विचारलं. "तुमची फायबर कुठून जाते? नकाशा दाखवा" हे विचारलं नाही. मीही विचारलं नसतं.

जोडायला संध्याकाळचे सात वाजले. पावसात ताडपत्री धरून स्प्लायसिंग करायचं म्हणजे हाल असतात, केसाएवढी काच पुसून, कापून, समोरासमोर वितळवायची. जोडणाऱ्या पोरांना दोष देण्यात अर्थ नव्हता. फॉर्मची मुदत मात्र तोवर संपली होती.

त्यानंतर दादा वैतागून म्हणाला, "मंग करू काय? खान्देशातून बाहेर जायचा रस्ताच एक आहे." मी म्हटलं, दादा, तू भुसावळात बसून हे म्हणतोस?

भुसावळ जंक्शन आहे. एक लाइन जळगाव-मनमाडवरून मुंबईला, एक अकोल्यावरून नागपूरला, एक खंडव्यावरून इटारसीला. आणि जळगावहून फुटून अमळनेर, नंदुरबारवरून सुरतेला जाणारी वेगळीच. रेल्वेच्या रुळांच्या कडेनेही फायबर आहे. त्यासाठी रेल्वेची स्वतःची सरकारी कंपनी आहे, रेलटेल, २००० साली स्थापन झालेली, आणि ती इतरांना बँडविड्थ विकते. रुळाच्या कडेला कोणी विनापरवाना जेसीबी घालत नाही. हायवेची चर आणि रुळाची चर या दोन खऱ्या वेगळ्या वाटा. प्रश्न उरतो तो दीपनगर ते भुसावळ या शेवटच्या आठ-दहा किलोमीटरचा. तिथे हायवे सोडून गावातून जायचं, किंवा हवेतून.

दादाने हवेतून जायचं ठरवलं. २०१८ साली सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग परवानामुक्त केला, तेव्हापासून असा रेडिओ लावायला स्पेक्ट्रमचा वेगळा परवाना लागत नाही. एक डिश आमच्याकडे इमारतीवर, एक भुसावळात, दोन्ही एकमेकींना दिसल्या पाहिजेत. तोटाही तोच: परवाना नाही म्हणून कोणीही लावतो, आणि गोंगाट वाढतो. त्यातून त्याला भरवशाचे ३०० एमबीपीएस मिळतात. दोन जीबीपीएसच्या तुलनेत हे काहीच नाही.

पण इथे त्याने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. दोन्ही मोठ्या लिंका पडल्या की राउटर सगळ्यांना या छोट्या वाटेवर आणतो, आणि त्याच क्षणी प्रत्येक घराचा वाटा बांधून टाकतो. कोणालाही एकट्याला जास्त नाही. ३०० भागिले ६०० केलं तर घरटी अर्धा एमबीपीएस येतो, पण सगळी घरं एकदम वापरत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात बरं मिळतं. व्हिडिओ पिक्सेल-पिक्सेल होतो. क्रिकेट विसरा. पण यूपीआय चालतं, व्हॉट्सॲप चालतं, आणि फॉर्म भरला जातो.

[२५:३०] परतीच्या वाटेचं कोडं

जे थोडं खोलात जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी आता बीजीपी. कंटाळा आला तर चार मिनिटं पुढे ढकला.

आतापर्यंत आपण जे बोललो ते सगळं बाहेर जाणाऱ्या पॅकेटांबद्दल. ते दादाच्या हातात आहे. पण तुम्ही व्हिडिओ बघता तेव्हा वजनदार माल येतो तो बाहेरून आत, आणि तो कुठल्या वाटेने यायचा हे बाहेरचं जग ठरवतं. शिवाय दादाचे बाहेरचे पत्ते अपस्ट्रीम कंपन्यांनी दिलेले. लिंक बदलली की पत्ता बदलतो, आणि पत्ता बदलला की चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटतो, पोर्टलवरून लॉगआउट होतं. अर्धा फॉर्म भरून झालेला असताना लॉगआउट होणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे स्वतःचे पत्ते आणि स्वतःचा एएस नंबर. भारतात ते आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था देते, ती निक्सीच्या छत्राखाली चालते. निक्सी म्हणजे २००३ साली सुरू झालेलं आपलं राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज, जिथे देशातले प्रोव्हायडर एकमेकांना थेट माल देतात-घेतात, परदेशाला वळसा न घालता. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा आशियाच्या नोंदणी संस्थेकडे २०११ सालीच तळाला गेला, म्हणून आता मोजकेच मिळतात. कमीत कमी २५६ पत्त्यांचा गठ्ठा लागतो, कारण त्याहून लहान गठ्ठा जगातले बहुतेक राउटर ऐकूनच घेत नाहीत.

मग दादाचा राउटर दोन्ही अपस्ट्रीमना ओरडून सांगतो: "हे २५६ पत्ते माझ्याकडे आहेत, माझ्याकडे यायचं तर इथून या." ते आपल्या शेजाऱ्यांना सांगतात, ते त्यांच्या. हे सांगण्या-ऐकण्याचे नियम म्हणजे बीजीपी. १९८९ साली दोन इंजिनिअरांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर त्याचा पहिला आराखडा काढला होता, आणि अख्खं जग अजून त्याच्याच वंशजावर चाललंय. एक लिंक पडली की तिकडची हाक बंद होते आणि जग दुसऱ्या वाटेने येतं. पत्ता तोच राहतो.

यातली एक मेख: लिंक अर्धवट मेली असेल तर शेजारी गेलाय हे कळायला बीजीपी थांबते. बऱ्याच राउटरांवर ती मुदत मूळ सेटिंगमध्ये १८० सेकंद असते. तीन मिनिटं! त्यासाठी सोबत बीएफडी नावाची नाडीतपासणी लावतात, ती सेकंदभरात सांगते.

परतीचा माल कुठल्या लिंकवरून यावा हे सुचवता येतं, हुकूम देता येत नाही. जी वाट कमी वापरायची तिच्यावर आपला नंबर मुद्दाम दोन-तीनदा लिहून पाठवायचा, म्हणजे ती वाट लांब दिसते. बहुतेक लोक जवळची वाट घेतात. दुसरी युक्ती जास्त जोरकस: पत्त्यांचा लहान गठ्ठा वेगळा जाहीर करायचा. बीजीपीच्या दुनियेत जास्त नेमका पत्ता नेहमी जिंकतो. किती जोरकस, ते २४ फेब्रुवारी २००८ ला दिसलं. पाकिस्तान टेलिकॉमला फक्त आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या पत्त्यांमधला एक लहान गठ्ठा आपल्याकडे वळवला, ती हाक चुकून देशाबाहेर गेली, आणि सुमारे दोन तास जगातल्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेना.

तुम्ही म्हणाल, ते मोठे लोक, दीपनगरच्या दादाचा काय संबंध? तर ऐका. २४ जून २०१९, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य. धातू बनवणारी एक कंपनी, तिच्याकडे दोन लिंका. एक स्थानिक छोट्या प्रोव्हायडरची, दुसरी व्हेरायझनची. छोट्या प्रोव्हायडरकडे वाटा सुधारणारं एक यंत्र होतं, त्याने आपल्या सोयीसाठी जगाच्या पत्त्यांचे लहान लहान तुकडे करून ठेवले होते. ते तुकडे या कंपनीकडे आले आणि कंपनीने ते दुसऱ्या लिंकवर तसेच पुढे सांगितले. व्हेरायझनने न तपासता स्वीकारले आणि जगाला सांगितले. झालं! क्लाउडफ्लेअर, ॲमेझॉन अशा बड्या मंडळींची रहदारी त्या धातू कारखान्याच्या दारातून जायला बघू लागली. हायवे बंद करून सगळी वाहतूक फेकरीच्या गल्लीतून सोडल्यासारखं.

दोन लिंका असणाऱ्या प्रत्येकाला ही चूक करता येते. म्हणून दादाच्या राउटरवर एक गाळणी आहे: दोन्ही बाजूंना फक्त आपले २५६ पत्ते जाहीर करायचे, एका कंपनीकडून ऐकलेलं दुसरीला कधीच सांगायचं नाही. दोन-चार ओळींचं काम, पण ते केल्याशिवाय बीजीपी चालू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जगाची सगळी यादी मागवू नये. ती आता दहा लाख वाटांच्या घरात गेलीय, छोट्या राउटरचा जीव जातो. दोन्हीकडून "बाकी सगळं इकडे" एवढी एकच डिफॉल्ट वाट घेतली तरी आपल्या गावापुरतं भागतं.

[३३:१०] तुमच्या नेटवाल्याला काय विचाराल

बऱ्याच जणांनी विचारलंय की आपण ग्राहक म्हणून काय करायचं. पुढच्या वेळी तो बिल घ्यायला आला की चहा पाजा आणि सहज विचारा: दुसरी लिंक कुठल्या वाटेने येते? पहिल्या लिंकच्या चरीतून तर नाही ना? आणि एकदा मुद्दाम एक केबल काढून बघितली आहेस का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. दादा आता महिन्यातून एकदा पहाटे चार वाजता खरोखर एक केबल उपटतो आणि घड्याळ लावून बघतो. पहिल्यांदा केलं तेव्हा राउटर दुसऱ्या लिंकवर गेला, पण सहाशेपैकी काही घरं परत आलीच नाहीत, कारण जुनी कनेक्शनं मेलेल्या वाटेलाच चिकटून बसली होती. ती पुसायची ओळ मग त्याने टाकली. पहाटे चारला सापडली म्हणून बरं.

सहाशे घरांच्या धंद्यात तिसऱ्या वाटेचा खर्च सोपा नसतो, हेही सांगतो. दादाने महिन्याचे पन्नास रुपये वाढवले तेव्हा काही कनेक्शनं तुटली, त्यात आमच्याच कॉलनीतली होती. मावशीने मात्र हूं की चूं केलं नाही.

बहिणीला जळगावला ॲडमिशन मिळाली. हवी ती ब्रँच नाही, पण बरं चाललंय तिचं. मागच्या महिन्यात परत एकदा हायवेला दोन्ही लिंका तुटल्या. तिने मला मेसेज केला: "दादा, व्हिडिओ फार घाण दिसतोय." म्हटलं, व्हिडिओ सोड, पोर्टल उघडून बघ.

उघडलं.

चला, पुढच्या भागात सीजीनॅट घेऊ: तुमचा आणि शेजाऱ्याचा पत्ता एकच का दिसतो, आणि त्यामुळे गेममध्ये सारखं "एनएटी स्ट्रिक्ट" का येतं. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त एक मिनिटाच्या आतली. भेटू.